थांबलेल्या पाण्याचे शेवाळ : रामकुंड, शेततळे आणि काचेतला समुद्र

पाणी अडवले, की थोड्याच दिवसांत त्याच्या काठाला हिरवट, बुळबुळीत थर धरतो. बोलीत ज्याला शेवाळ म्हणतात आणि शास्त्रीय लेखनात ज्याला शैवाल अशी संज्ञा आहे, तो काही एकाच कुळातील जीवांचा समूह नाही. खरी मुळे, खोड आणि पाने नसलेल्या, परंतु सूर्यप्रकाशाच्या बळावर स्वतःचे अन्न तयार करणाऱ्या आणि एकमेकांपासून फार दूरच्या असलेल्या अनेक वंशांना मिळून दिलेले ते सोयीचे नाव आहे. दगडी पायरीवरचा घसरडा थर, विहिरीतला हिरवा केसाळ पुंजका, नव्या टाकीच्या तळाशी दिसणारी तपकिरी भुकटी आणि उन्हाळ्यात तळ्यावर पसरणारी निळसर हिरवी साय ही सगळी या एकाच नावाखाली येतात, जरी त्यांपैकी शेवटची प्रत्यक्षात जिवाणूंची जात असली, तरीही. या सर्वांच्या गरजा मात्र सारख्याच आहेत : प्रकाश, पाण्यात विरघळलेले नत्र आणि स्फुरद, आणि त्यांना खरवडून खाणाऱ्या प्राण्यांचा अभाव.

नाशिक जिल्ह्याचा इतिहास एका अर्थाने थांबवलेल्या पाण्याचा इतिहास आहे. नदीपात्रातील कुंडे, फडाचे बंधारे, ब्रिटिश काळातील कालव्यांचा बंधारा, स्वातंत्र्यानंतरचे मातीचे धरण, द्राक्षबागांच्या कडेची प्लास्टिक अंथरलेली शेततळी आणि अलीकडे शहरातील घरांत दिसू लागलेल्या खाऱ्या पाण्याच्या काचपेट्या, हे सगळे त्या एकाच क्रियेचे निरनिराळ्या आकारांतील प्रकार आहेत. प्रवाळ आणि रंगीत मासे ठेवण्यासाठी नव्याने भरलेल्या समुद्री पेटीत शेवाळ माजते तेव्हा तिच्या मालकाला ती आपल्यावरच ओढवलेली आधुनिक अडचण वाटते. वास्तविक ती या जिल्ह्यात निदान सव्वातीनशे वर्षे जुनी आहे, आणि तिच्यावर वेळोवेळी केलेले उपाय पाहिले तर त्यांतले कोणते टिकले आणि कोणते उलटले, याचा पुरेसा पुरावा हाताशी लागतो.

रामकुंडापासून आरंभ करणे सयुक्तिक ठरते. साताऱ्याकडील खटावच्या जमीनदार घराण्यातील चित्रराव खटावकर यांनी १६९६ साली हे कुंड बांधून घेतले, आणि पुढे पेशवे माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनी त्याची दुरुस्ती करविली. सुमारे २७ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद असलेल्या या कुंडाचे वैशिष्ट्य त्याच्या जागेत आहे. ते नदीच्या काठावर खोदलेले तळे नसून नदीच्या पात्रातच, वाहत्या प्रवाहाच्या वाटेत बांधलेले आहे. लक्ष्मणकुंड, सीताकुंड, धनुष्यकुंड आणि खाली तपोवनाच्या दिशेने उतरत जाणारी इतर कुंडे हीही याच रीतीची आहेत. वरच्या कुंडातून ओसंडलेले पाणी खालच्या कुंडात पडते, त्यामुळे पाणी स्नानाला पुरेल इतके खोल राहते आणि तरीही पूर्णपणे थांबत नाही. जिथे ते थांबते, तिथे उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांपुरतेच थांबते.

या रचनेची खरी साफसफाई पावसाळा करीत असे. नाशिककर ज्या नदीला गोदावरी न म्हणता नुसती ‘गंगा’ म्हणतात, तिला जुलै ते सप्टेंबर या काळात येणारे पूर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजले जातात. पाणी मूर्तीच्या कुठल्या अवयवापर्यंत चढले, हीच शहराची पूररेषा. १९६९ आणि २००८ सालच्या पुरांची आठवण या मोजपट्टीसह सांगितली जाते. पूर म्हटला की हानी आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु पात्रातील कुंडांच्या दृष्टीने पूर म्हणजे वर्षातून एकदा होणारी तळापासूनची झाडाझडती होती. वर्षभरात साचलेला गाळ, त्या गाळात अडकलेले स्फुरद आणि पायऱ्यांवरचे शेवाळाचे थर घेऊन ते पाणी निघून जाई. कुंडात पडणारी फुले, दूध, पिंडदानाचा भात आणि अस्थी यांचा हिशेब अशा रीतीने दरवर्षी शून्यावर येत असे. अस्थींमध्ये प्रामुख्याने कॅल्शियम आणि स्फुरद यांचे संयुग असते व ते फार सावकाश विरघळते. रामकुंडाला अस्थिविलय तीर्थ म्हणण्याची परंपरा आहे आणि त्या श्रद्धेला धक्का न लावताही असे म्हणता येते की, ज्या पाण्यात इतके काही अर्पण करायचे ते पाणी वाहते असणे ही त्या परंपरेची पूर्वअट होती.

त्र्यंबकचे कुशावर्त हे याहून वेगळे उदाहरण आहे. होळकरांचे फडणीस रावजी अबाजी पारनेरकर यांनी १७५० च्या सुमारास बांधविलेले हे कुंड चहूबाजूंनी पायऱ्यांनी आणि ओवऱ्यांनी बंदिस्त आहे. इथे पूर येऊन तळ खरवडून जाण्याची सोय नाही, म्हणून स्वच्छतेचा भार माणसाच्या हातावर पडतो : पाणी उपसणे, गाळ काढणे, पायऱ्या घासणे. बंद कुंड आणि वाहते कुंड यांतला हा फरक पुढील प्रत्येक टप्प्यावर पुन्हा दिसतो.

शेतीच्या पाण्याची जुनी व्यवस्था या फरकाची जाण ठेवून चाललेली होती. मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर, म्हणजे आजच्या सटाणा, कळवण, मालेगाव भागांत, आणि शेजारच्या धुळे जिल्ह्यात पांझरेवर तीनचारशे वर्षांपासून फड पद्धत प्रचलित आहे. फड म्हणजे एका बंधाऱ्याच्या पाण्याखालील जमिनीचे पाडलेले मोठे भाग, ज्यांत त्या हंगामात सर्व शेतकऱ्यांनी एकच पीक घ्यायचे असते. पाण्याची वाटणी पाटकरी करीत, राखण जागले करीत, आणि हंगामापूर्वी पाटातील गाळ, गवत व शेवाळ काढण्याचे काम लाभधारक मिळून करीत. येथे बंधारे बुटके असतात. ते पाणी साठवण्यापेक्षा वळवण्यासाठी बांधलेले असतात, आणि वळवलेले पाणी रात्रंदिवस पाटातून चालू राहते. शेवाळाचा प्रश्न या व्यवस्थेत उद्भवत नव्हता असे नाही, पण तो फावड्याने आणि टोपल्याने मिटण्याइतका लहान राहत असे.

विहिरींच्या बाबतीत घरगुती उपाय अधिक होते. निवळीच्या झाडाचे बी मडक्याच्या आत घासून गढूळ पाणी निवळू देण्याची चाल जुनी आहे. त्या बियांतील द्रव्यामुळे पाण्यातील सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून खाली बसतात, आणि त्याच तत्त्वावर तुरटीही काम करते. अनेक गावांत विहिरीत मासे किंवा कासव सोडण्याची रीत होती. खाणारा प्राणी ठेवला म्हणजे पाणी स्वच्छ राहते, ही समजूत त्यामागे होती, आणि ती निरीक्षणातून आलेली होती.

याच निरीक्षणाला प्रयोगाचे रूप १८५० साली लंडनमध्ये मिळाले. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात सोनमासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवून, मासे सोडतात तो वायू वनस्पती घेतात आणि वनस्पती सोडतात तो प्राणवायू मासे घेतात, असा समतोल साधता येतो हे दाखविले. परंतु हा समतोल काही आठवड्यांतच ढळू लागला, कारण कुजणाऱ्या पानांवर हिरवा चिकट थर वाढून पाणी गढूळ झाले. त्याने त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजका भाग आणि शेवाळ खाल्ले, आणि मगच भांडे टिकले. आधुनिक मत्स्यालयाचा जन्म ज्या प्रयोगातून झाला असे मानले जाते, त्यात माशांइतकेच महत्त्व शेवाळ खाणाऱ्या गोगलगायीला होते, ही गोष्ट पुढच्या काळात पुष्कळदा विसरली गेली. १८५४ साली ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ करणाऱ्या फिलिप गॉस यानेही समुद्री पेट्यांच्या काचा स्वच्छ ठेवण्यासाठी किनाऱ्यावरच्या शंखांवर विसंबून राहावे, असे सुचविले होते.

मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांना शंख पुरेनात. तेव्हा विल्यम अल्फोर्ड लॉइड याने निराळी युक्ती योजली : दर्शनी पेट्यांतील पाण्यापेक्षा कितीतरी अधिक पाणी जमिनीखालच्या अंधाऱ्या हौदात ठेवायचे आणि पंपाने ते सतत फिरवत राहायचे. प्रकाशात हिरवे पडू लागलेले पाणी अंधारात जाऊन निवळून परत येई. १८७१ साली उघडलेल्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात ही पद्धत यशस्वी झाली, आणि पुढे समुद्री मत्स्यालयांनी ती उचलली. अंधार हाच शेवाळावरचा उपाय, हे सूत्र त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे मत्स्यालयांच्या बांधणीत मुरलेले होते.

दुसरा उपाय विषाचा, आणि त्याचा नाशिकशी संबंध अनपेक्षितपणे घनिष्ठ आहे. फ्रान्समध्ये १८८५ साली मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण द्राक्षवेलींवरील केवडा रोगावर गुणकारी असल्याचे जाहीर केले. मोरचूद म्हणजे तांब्याचा निळा क्षार, आणि या मिश्रणाला त्या प्रदेशाच्या नावावरून बोर्डो मिश्रण म्हणतात. त्यानंतर १९०४ साली अमेरिकेच्या शेती खात्यातील मूर आणि केलरमन यांनी तोच मोरचूद अत्यल्प प्रमाणात पाणीपुरवठ्याच्या तलावांत घातला तर शेवाळ मरते असे सिद्ध केले. वेलीवरच्या रोगाचे औषध तळ्यात उपयोगी पडावे हा योगायोग नव्हता. केवड्याला कारण होणारा जीव दिसायला बुरशीसारखा असला तरी आजच्या वर्गीकरणात तो खऱ्या बुरशींमध्ये बसत नाही. तांबूस-तपकिरी समुद्री शेवाळे आणि करंडकासारखे सिलिकेचे कवच असणारे डायटम ज्या महावंशात येतात, त्याच महावंशात त्याची गणना होते. ओझर-पिंपळगावच्या बागांत एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, कालवणारा बागायतदार अशा रीतीने शेवाळाच्या भाऊबंदांशीच लढत असतो.

पाणी साठविण्याचे प्रमाण विसाव्या शतकात एकदम बदलले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ, निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वर येथे १९०७ नंतर दगडी बंधारा उभा राहिला आणि त्यातून दोन्ही तीरांचे कालवे निघाले. बंधाऱ्यामागे नदीचा गाळ बसत गेला, पाणी उथळ झाले, उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचले, आणि तिथे शेवाळ, पाणगवत, किडे, मासे व पक्षी अशी साखळी तयार झाली. १९८६ साली तेथे पक्षी अभयारण्य जाहीर झाले आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. रामसर म्हणजे पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ साली इराणमधील त्या नावाच्या शहरी झालेला आंतरराष्ट्रीय करार. अभियंत्यांच्या हिशेबात जो गाळ म्हणजे तोटा, तोच हिवाळी बदकांच्या हिशेबात अन्न ठरला. शेवाळ हे सर्वत्र आणि सदैव शत्रूच असते असे म्हणता येत नाही, हे नाशिकमध्ये नांदूरइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. इगतपुरीच्या भातखाचरांबद्दलही हेच म्हणता येईल, कारण खाचरातील निळे-हिरवे शेवाळ हवेतले नत्र पिकाच्या उपयोगी आणते, हे पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवून दिलेले आहे.

महाराष्ट्रात साचलेल्या पाण्यातील शेवाळाचा क्रमवार अभ्यास १९४६ साली प्रसिद्ध झाला. मुंबईच्या एला गोन्साल्विस आणि डी. बी. जोशी यांनी वांद्र्याच्या एका तळ्यातील शेवाळांचा ऋतूंनुसार होणारा पालट नोंदविला. त्यांच्या अभ्यासाचे महत्त्व ‘पालट’ या शब्दात आहे : तळ्यात शेवाळ आहे की नाही हा प्रश्न अपुरा असून, कोणत्या महिन्यात कोणते शेवाळ येते आणि त्याची जागा कोण घेते, हे पाहावे लागते. नव्या समुद्री पेटीच्या मालकाला नेमके हेच ज्ञान हवे असते.

मराठी वाचकाला काचेतला समुद्र प्रथम दिसला तो १९५१ साली, मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालय उघडले तेव्हा. शाळांच्या सहली नाशिकहूनही तिथे जात आणि पिढ्यान् पिढ्या मुलांनी समुद्री मासे पाहिले ते या अंधाऱ्या दालनांत उजळलेल्या पेट्यांमधून. ही दालने अंधारी असण्यात पाहणाऱ्याची सोय होती, पण लॉइडच्या परंपरेचा वारसाही होता. माशांना अंधार चालतो. प्रवाळांना तो चालत नाही, आणि इथेच या इतिहासाचे वळण आहे.

प्रवाळ म्हणजे समुद्रातील चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. उथळ उष्ण समुद्रातील प्रवाळांच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतात आणि सूर्यप्रकाशात तयार केलेल्या अन्नाचा मोठा भाग ते आपल्या यजमानाला देतात. म्हणजे ज्या पेटीत प्रवाळ जगवायचे, तिथे प्रखर प्रकाश द्यावाच लागतो, आणि प्रखर प्रकाश दिला की काचेवर, वाळूवर आणि दगडांवर नको असलेले शेवाळही पोसले जाते. मोरचूद घालावा तर तांब्याने प्रवाळ, शंख आणि झिंगे हे शेवाळाच्या आधीच मरतात. शंभर वर्षांचे दोन्ही भरवशाचे उपाय, अंधार आणि विष, एकाच वेळी निकामी झाले. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ साली मांडलेल्या नैसर्गिक पद्धतीत समुद्रातून आणलेले सजीव दगड, म्हणजे ज्यांच्या छिद्रांत जिवाणू, कृमी आणि असंख्य लहान प्राणी वस्ती करून असतात असे प्रवाळखडक, पेटीत ठेवून त्यांच्यावर शुद्धीकरणाचा भार टाकला गेला. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी त्याला फेसयंत्राची जोड दिली; हे यंत्र हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांवर विरघळलेला सेंद्रिय मळ चिकटवून, तो कुजून नत्र-स्फुरद होण्याआधीच, फेसाच्या रूपाने बाहेर काढते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात १९८० साली वॉल्टर ॲडी यांनी तर शेवाळाकडूनच शेवाळाचा बंदोबस्त करविला : शेजारच्या उथळ तबकात जाळीवर दिवे लावून मुद्दाम शेवाळ वाढवायचे, ते ठरावीक दिवसांनी खरवडून फेकायचे, आणि त्याच्यासोबत पाण्यातील पोषकद्रव्ये कायमची बाहेर न्यायची.

या तिन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे : शेवाळाला मारण्याऐवजी त्याच्या ताटातले अन्न काढून घेतले जाते. याच सुमारास गोड्या पाण्यातही तोच निष्कर्ष निघत होता. कॅनडात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली एक तलाव पडद्याने दोन भागांत विभागला. दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र घातले, पण स्फुरद एकाच भागात घातले. काही आठवड्यांत स्फुरद घातलेला भाग हिरवागार झाला आणि दुसरा स्वच्छ राहिला. तलावाच्या हिरवेपणाची किल्ली बहुधा स्फुरदाच्या हाती असते, हे त्या एका प्रयोगाने जगाला पटविले.

नाशिकमध्ये मात्र याच दशकांत गंगेचा हिशेब उलट्या दिशेने चालला होता. १९६५ साली गंगापूरचे मातीचे धरण पूर्ण झाले. त्याने शहराला पाणी दिले आणि नदीचा पावसाळी जोर अडवून धरला. शहर वाढले, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि घरोघरचे सांडपाणी नाल्यांवाटे पात्रात उतरू लागले. सांडपाण्यावर प्रक्रिया करणारी केंद्रे तपोवन, आगरटाकळी आणि इतरत्र उभी राहिली खरी, पण जुन्या धर्तीची प्रक्रिया कुजणारा मळ कमी करते आणि विरघळलेले नत्र व स्फुरद बऱ्याच अंशी तसेच पुढे सोडते. त्यामुळे डोळ्यांना निवळलेले दिसणारे पाणी शेवाळाच्या आणि पानवेलींच्या दृष्टीने खताचे पाणीच राहते. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी शहराच्या खालच्या अंगाला गंगेवर पसरणाऱ्या पानवेली हे त्याचेच दृश्य रूप आहे. यंत्राने काढलेल्या पानवेली काठावरच कुजत ठेवल्या तर पहिल्या पावसात त्यांतील सगळे पुन्हा नदीत जाते. ॲडी यांच्या तबकातील शेवाळ उपयोगी ठरते ते केवळ ते पेटीबाहेर, परत न येण्याजोगे नेले जाते म्हणून.

२००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत पात्रातील कुंडांच्या तळावर काँक्रीट ओतले गेले. गर्दीच्या सुरक्षिततेसाठी सपाट तळ हवा, हे कारण समजण्याजोगे होते. पण वाळू, गोटे आणि तळाचे झरे यांच्यावर टाकलेले ते झाकण म्हणजे जिवंत तळाची टाकी करून टाकणे होते. वाळूच्या थरात खोलवर, प्राणवायू न पोचणाऱ्या जागी, जे जिवाणू नायट्रेटचे विघटन करून नत्र वायुरूपाने हवेत सोडतात, त्यांना काँक्रीटमध्ये घर नसते. गोदावरीच्या प्रदूषणाविषयी २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, तळाचे काँक्रीट काढण्याची मागणी नाशिककरांनी चिकाटीने लावून धरली, आणि स्मार्ट सिटीच्या कामांत काही कुंडांचे काँक्रीट फोडलेही गेले. मोठ्या खर्चाने बांधलेले झाकण मोठ्या खर्चाने काढावे लागणे दुःखद आहे. तरीही जे काढले गेले, ते योग्यच झाले.

शहरात हे चालू असताना जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यात नव्या पाण्याची हजारो ठिकाणे तयार होत होती. राष्ट्रीय फलोत्पादन अभियानाच्या मदतीने २००५ नंतर सामूहिक शेततळ्यांना चालना मिळाली आणि निफाड, दिंडोरी, चांदवड, सिन्नर या तालुक्यांत जाड प्लास्टिक अंथरलेली शेततळी दिसू लागली. पावसाळ्यात विहिरीचे वा नाल्याचे पाणी उपसून त्यांत भरायचे आणि उन्हाळ्यात ठिबकने बागेला द्यायचे, अशी ही रीत. या तळ्याला माती नाही, काठाला झाड नाही, आत-बाहेर वाहणे नाही, ऊन दिवसभर आहे, आणि खत घातलेल्या शेतांखालून आलेल्या पाण्यात नायट्रेट भरपूर आहे. शेवाळाच्या दृष्टीने याहून अनुकूल जागा मुद्दाम घडवूनही सापडणार नाही. ठिबकच्या तोट्यांची भोके इतकी बारीक असतात की शेवाळाचे तंतू आणि त्यांवर पोसलेला जिवाणूंचा चिकटा त्यांना सहज बुजवतो, आणि मग छाटणीनंतरच्या नाजूक दिवसांत वेलींच्या ओळीच्या ओळी तहानलेल्या राहतात.

बागायतदारांनी प्रथम हाताशी असलेलाच उपाय केला : मोरचुदाची पुरचुंडी दोरीला बांधून तळ्यात फिरवायची. लिटरला अर्धा ते दोन मिलिग्रॅम इतक्या प्रमाणात तो काम करतो. परंतु एकदम मेलेले शेवाळ तळाशी जाऊन कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते, आणि त्यातून सुटलेल्या स्फुरदावर पुढची पिढी वाढते; तांबे मात्र तळाच्या गाळात साचत राहते. म्हणून अनुभवी बागायतदार वाळूची गाळणी बसवतात, ठिबकच्या नळ्या क्लोरीनने धुतात, काही जण तळ्यावर सावलीची जाळी ओढतात, आणि कित्येक जण मासे सोडतात. १९५९ साली परदेशातून भारतात आणलेल्या दोन जाती इथे उपयोगी पडल्या : पाणगवत खाणारा गवत्या आणि तरंगते सूक्ष्म शेवाळ गाळून खाणारा चंदेरा. सावली म्हणजे लॉइडचा अंधार आणि मासा म्हणजे वॉरिंग्टनची गोगलगाय. मासे सोडलेल्या तळ्यात मोरचूद घालता येत नाही, त्यामुळे शेतकऱ्याला दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते, आणि ज्यांनी माशांची निवड केली त्यांना वर मासळीचे उत्पन्नही मिळते.

अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर उगम पावूनही गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या काठच्या शहरात समुद्र हवा असेल तर तो घरीच कालवावा लागतो. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात तयार मीठमिश्रण विरघळवून समुद्री पेटीचे पाणी बनवतात, आणि हे पाणी मुळात गंगापूर धरणाचे किंवा कूपनलिकेचे असते. त्यातील नायट्रेट, स्फुरद आणि सिलिका मीठ घातल्याने कमी होत नाहीत, म्हणून मीठ घालण्याआधी ते सूक्ष्म पडद्यातून गाळून घ्यावे लागते. हे न केल्यास पेटी पहिल्या दिवसापासून शेवाळासाठी वाढून ठेवलेले ताट ठरते. देशात २००१ पासून कठीण प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे आणि आपल्या समुद्रातून प्रवाळ किंवा प्रवाळखडक उचलणे गुन्हा आहे. हा कायदा आवश्यक होता. त्यामुळे इथला जबाबदार हौशी माणूस बहुधा कोरड्या, निर्जीव दगडापासून आरंभ करतो, आणि सजीव दगडासोबत आयती येणारी जिवाणूंची वस्ती त्याला रुजवावी लागते.

ही वस्ती रुजण्याचा काळ म्हणजेच नव्या पेटीतील शेवाळाचा काळ. माशांच्या मलमूत्रातील अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू, ज्यांचे कार्य विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास उलगडले, स्थिर व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या सुमारास वाळूवर तपकिरी भुकटी पसरते. ती सिलिकेवर वाढणाऱ्या डायटमची असते आणि सिलिका संपली की बहुधा आपोआप ओसरते. तिच्यामागून दगडांवर हिरवे केस येतात. या टप्प्यावर घाबरून सगळे पाणी बदलणारा, दगड उकळणारा किंवा बाटलीतले औषध ओतणारा मनुष्य रुजू लागलेली वस्ती उखडून टाकतो आणि पुन्हा पहिल्या आठवड्यावर येतो. जो मासे कमी ठेवतो, खाद्य बेताने देतो, दिवे काही तासांपुरतेच लावतो, प्रवाह जोरकस ठेवतो, हाताने उपटलेले शेवाळ पेटीबाहेर टाकतो आणि शंख व शेवाळ खाणारे मासे क्रमाने सोडतो, त्याच्या पेटीत हिरवे केस हळूहळू विरळ होतात. मग, कधी चौथ्या तर कधी आठव्या महिन्यात, काचेच्या कडेला आणि दगडांच्या सावलीतल्या अंगाला गुलाबी-जांभळे ठिपके दिसू लागतात. आपल्या पेशींच्या भिंतींत चुना साठवून दगडासारखे कठीण होणारे, पृष्ठभागाला चिकटून पसरणारे आणि त्या जागी केसाळ शेवाळाला सहसा मूळ धरू न देणारे ते समुद्री शेवाळच असते; ते दिसले, म्हणजे पेटीचा मालक प्रवाळाचा पहिला तुकडा आणायला निघतो.